झाडेकाकांचं मे फ्लॉवर

झाडेकाकांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्यांनी नमस्कार वगैरे काही केला नाही. दोन बोटांनी माझी हनुवटी धरली, चेहरा उजेडाकडे वळवला, डोळे बारीक केले आणि म्हणाले, "नाक ठीक हाय. कानाचं पाहा लागते."

मी चोवीस वर्षांचा होतो. खिशात शाळेचं नेमणूकपत्र, काखेत वळकटी. त्यांच्या घराला लागून एक खोली भाड्याने आहे असं कुणीतरी सांगितलं होतं, ती विचारायला आलो होतो. कानाबद्दल आजवर कुणी तक्रार केली नव्हती.

"कानाचं काय?"

"डावा बाहेर येऊन राह्यला. घाबरू नोका. पाच मिनटाचं काम हाय."

मी नकळत डाव्या कानावर हात ठेवला. तेवढ्यात आतून बाईचा आवाज आला, "अहो, त्याहिले बसू तं द्या! लोकाइचे कान काऊन कापून राह्यले दारातच?"

खोली मिळाली. कानही शाबूत राहिला. आणीबाणी उठली त्या वर्षाची ही गोष्ट. पुढची सात वर्षं मी वर्ध्यात झाडेकाकांच्या भिंतीला भिंत लावून राहिलो.

महादेवराव झाडे हे रिटचर होते. हा धंदा आता कुणाला सांगून कळत नाही. फोटो काळे-पांढरे होते तेव्हा फोटोग्राफर फक्त फोटो काढायचा. माणूस देखणा व्हायचा तो रिटचरच्या टेबलावर. स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका स्टुडिओच्या माडीवर काकांचं उतरतं टेबल होतं. त्याला मधोमध एक चौकोनी भोक, भोकावर काच, काचेखाली आरसा. काचेवर निगेटिव्ह ठेवायची आणि सुईसारख्या टोकाच्या पेन्सिलीने तिच्यावर बारीक बारीक ठिपके द्यायचे. देवीचे व्रण गेले, सुरकुत्या गेल्या, डोळ्यांखालची काळजी गेली. पेन्सिलीला टोक करायलाच त्यांना पाऊण तास लागे. त्या वेळात कुणी बोललं तर ते उत्तर देत नसत, फक्त पेन्सिल उगारत.

सगळा जन्म निगेटिव्ह पाहण्यात गेल्यामुळे माणसं त्यांना उलटी जास्त ओळखू यायची. आमचे मुख्याध्यापक एकदा रस्त्यात भेटले, दहा मिनिटं बोलले. ते गेल्यावर काका मला म्हणाले, "कोण होते हे?" चार दिवसांनी त्याच मुख्याध्यापकांची निगेटिव्ह टेबलावर आली. केस पांढरे, दात काळे, चेहरा भुतासारखा. काका लगेच म्हणाले, "अरे, हे तं तुमचे हेडमास्तर! परवा भेटलते."

एका फौजदाराच्या मिशीची डावी बाजू विरळ होती. काकांनी ती उजवीइतकी भरून दिली. फौजदारसाहेब फोटो घेऊन थेट न्हाव्याकडे गेले आणि म्हणाले, अशी कर. न्हावी म्हणाला, साहेब, मी कापू शकतो, उगवू शकत नाही. हा किस्सा काका दर महिन्याला सांगत, आणि दर वेळी न्हाव्याचं वाक्य सांगताना स्वतःच आधी हसत.

एकदा आर्वीकडची एक म्हातारी दोन फोटो घेऊन आली. एक तिचा, आत्ताचा. एक नवऱ्याचा, तो तरणा असतानाचा, कुठल्याशा घोळक्यातला. नवरा जाऊन वीस वर्षं झाली होती आणि दोघांचा मिळून फोटोच नव्हता. काकांनी आठ दिवस खपून दोघांना एका बाकावर बसवलं. तिला थोडी तरुण केली, त्याला थोडा म्हातारा. म्हातारी फोटो न्यायला आली, फोटो हातात घेतला आणि तिने आधी डोक्यावर पदर घेतला.

"नवऱ्यासमोर पदर घेतला तिनं," काका मला सांगत होते. "म्हणजे जमलं."

कोणत्याही कामाला ते "जमलं" किंवा "पाहा लागते" एवढंच म्हणत. तिसरा शेरा त्यांच्याकडे नव्हता.

काकू, म्हणजे गिरजाकाकू, मला चार दिवस दिसल्याच नाहीत, नुसता आवाज. पाचव्या दिवशी चहा घेऊन बाहेर आल्या. डाव्या गालावरून हनुवटीकडे आणि तिथून गळ्यापर्यंत कोडाचा पांढरा पट्टा उतरला होता. मी शहाण्यासारखा कपाकडे बघू लागलो. काकूंनी ते लगेच ओळखलं.

"मास्तर, एकदा नीट पाहून घ्या. मंग चहा सुखानं पेता येईन."

मी पाहिलं. त्याही माझ्याकडे पाहत होत्या आणि डोळ्यांत हसत होत्या. त्यानंतर तो चेहरा मला कधी वेगळा वाटला नाही. पण काकू लग्नाकार्याला जात नाहीत, हळदीकुंकवाला जात नाहीत, आणि फोटोवाल्याच्या घरात भिंतीवर काकूंचा एकही फोटो नाही, हे हळूहळू लक्षात आलं. मी एकदा विचारलं, तर काका पेन्सिलीला टोक करू लागले. म्हणजे विषय संपला.

आता झाडाकडे येतो. आडनाव झाडे असून त्या घरात झाड एकच होतं, आणि तेही वर्षातले सहा-सात महिने दिसत नसे. ओसरीत तुपाचा एक जुना डबा, त्यात काळी माती. नवा माणूस त्यात पानाची पिचकारी टाकायचा आणि काकांच्या शिव्या खायचा. त्या मातीत कांद्यासारखा एक गड्डा होता. काकू लग्न होऊन आल्या तेव्हा हिंगणीहून, माहेरच्या भाजीच्या वाडीतून, फडक्यात बांधून ट्रंकेतून आणलेला. मे महिना लागला, पारा चढला, नळाचं पाणी कढत यायला लागलं, की त्या मातीतून एक जाड दांडा वर यायचा आणि त्याच्या टोकावर लाल फुलाचा चेंडू उमलायचा. दोन्ही हातांच्या ओंजळीत मावणार नाही एवढा. त्याच्या शेकडो लाल काड्या, आणि प्रत्येक काडीच्या टोकाला परागाचा पिवळा दाणा. लोक त्याला मे फ्लॉवर म्हणतात. आठ दिवस राहतं, मग पानं येतात, मग तीही जातात, आणि पुन्हा नुसता डबा.

त्या आठ दिवसांत झाडेकाका गल्लीचे कलेक्टर होत.

सकाळी सात ते साडेआठ गल्लीत कुणी झाडू मारायचा नाही. धूळ फुलावर बसते. पलीकडच्या राऊतांनी कूलर लावायचा नाही, हवा हलते. सायकलची घंटी वाजवायची नाही. "घंटीनं काय होते काका?" असं राऊत म्हणाले, तर काका म्हणाले, "मी दचकतो."

स्टुडिओतला दोन डोळ्यांचा जुना कॅमेरा त्या दिवसांत घरी यायचा. त्यात वरून वाकून पाहावं लागे, त्यामुळे काका डब्यापुढे तासभर नमस्कार घातल्यासारखे उभे राहत. मला आरसा धरून उन्हाचा कवडसा फुलाच्या डाव्या अंगावर पाडायचं काम होतं. आणि फुलामागे पांढरी चादर धरून काकू उभ्या राहत. चादरीवर त्यांच्या आठ बोटांखेरीज त्यांचं काही दिसत नसे. बोटंसुद्धा काका नंतर छापताना कापून टाकत.

"चादर हलून राह्यली," काका वाकूनच म्हणत.

"मी श्वास घेऊन राह्यली," चादरीमागून उत्तर येई. "बंद करू का?"

फोटो निघाला की खरं दुखणं सुरू व्हायचं. काळ्या-पांढऱ्या फोटोत लाल फूल आणि हिरवा दांडा दोन्ही सारख्याच राखाडी रंगाचे येत. मग काका फोटोवर रंग चढवत. आगकाडीला कापूस गुंडाळायचा, पाण्यात रंग कालवायचा आणि एकेक काडी रंगवायची. एका फुलाला बारा-पंधरा दिवस. त्या वेळी फूल डब्यात वाळून गेलेलं असायचं आणि काकांना लाल नेमका कोणता ते आठवत नसे. मग ते ओला फोटो हातात घेऊन गावभर लाल शोधत फिरत. कुंकवाच्या दुकानात गेले. बाजारात मिरचीच्या ढिगाशेजारी फोटो ठेवून पाहिला. एकदा डेपोत एस.टी.च्या बाजूला फोटो लावून उभे होते, तर ड्रायव्हर म्हणाला, "बाबूजी, कोणाले शोधून राह्यले?"

"लाल," काका म्हणाले.

ड्रायव्हरने गाडी मागे घेतली.

काकू फोटो पाहून दर वर्षी नवा निकाल देत. "हे कुकू झालं." "हे अंबाडीच्या बोंडावानी झालं." एका वर्षी नुसतंच म्हणाल्या, "हे दुखून राह्यलं." काका तो फोटो उचलत, पेटीत टाकत आणि म्हणत, "पुढच्या मे मध्ये पाहा लागते." पेटीत असे वीस-बावीस फोटो साठले होते, एकही पास झालेला नव्हता.

मी एकदा विचारलं, "काका, एवढं कशासाठी? फूल दरवर्षी येतंच की."

ते म्हणाले, "हे तिचं हाय. तिच्या हाताचं. त्याचा एक तरी फोटो तिले पटला पाह्यजे." आणि लगेच, आपण जास्त बोललो असं वाटून, माझी हनुवटी धरून म्हणाले, "कान सुधरला नाई."

दिल्लीत टीव्ही रंगीत झाला, त्याच्या आगेमागे वर्ध्यातही रंगीत फोटो आले. स्टुडिओत रंगीत रोल भरायचा, तो धुवायला नागपूरला पाठवायचा, पंधरा दिवसांनी छापून यायचं. त्यात पेन्सिलीचं काम नव्हतं. काका माडीवर जात, टेबल पुसत, टोक करत आणि बसून राहत. एप्रिलात स्टुडिओच्या मालकांनी, शेठजींनी, त्यांना एक रंगीत रोल आणून दिला. "झाडेजी, तुमच्या फुलाचे काढा," म्हणाले. शेठजींना वाईट वाटत असावं. काकांनी रोल मातीच्या माठाशेजारी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवला, उन्हाने बिघडू नये म्हणून. महिनाभर घरात माठाजवळ जायची कुणाला परवानगी नव्हती. पाणी प्यायचं तर मागून घ्यायचं.

त्या मे मध्ये फूल मोठं आलं. रोलवर बारा फोटो. सकाळी साडेसातला आम्ही आपापल्या जागी उभे राहिलो. काकांनी एकेक फोटो काढायला पाच-सात मिनिटं घेतली. दहा झाले. अकराव्याला ते वाकले, मी कवडसा धरला, आणि गल्लीच्या तोंडाकडून वावटळ आली.

आमच्याकडची उन्हाळ्यातली वावटळ सांगून येत नाही. धूळ, कागद, राऊतांच्या दोरीवरचा बनियन, सगळं एका झटक्यात ओसरीत. चादर काकूंच्या हातातून सुटली, एकदा त्यांच्याभोवती गुंडाळली गेली आणि सरळ फुलावर जाऊन पडली. डोक्यावरचा पदर खांद्यावर आलेला, केस विस्कटलेले, अशा काकू मोकळ्या उन्हात उभ्या होत्या आणि खदाखदा हसत होत्या. मी त्यांना असं हसताना कधी पाहिलं नव्हतं.

टक्.

काकूंचं हसू तिथेच थांबलं. त्यांनी पदर ओढला.

"काढला?"

"नाई बाप्पा," काका म्हणाले. "चुकून दाबल्या गेलं. हललं असन. काही येत नाई त्यात."

काकू आत गेल्या. मी चादर उचलली. फुलाचा दांडा मोडून चेंडू मातीत पडला होता. "काका, फूल..." मी म्हणालो. ज्या माणसाने फुलासाठी गल्लीतले झाडू बंद केले होते, त्याने डब्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याने बारावा फोटो न काढताच रोल गुंडाळला आणि कॅमेरा पोटाशी धरून स्टुडिओकडे चालू लागला. आणि तीस वर्षांत या माणसाच्या हातून बटण चुकून दाबलं गेलेलं नव्हतं, हे मला ठाऊक होतं.

पंधरा दिवसांनी फोटो आले. दहा फुलं. लाल म्हणजे काय सांगू, आपण हात लावला तर बोटाला लागेल असा. काकूंनी दहाही फोटो ओसरीत मांडून पाहिले आणि म्हणाल्या, "हेच." काकांनी गल्लीत घरोघर जाऊन फोटो दाखवले, राऊतांना दोनदा. अकराव्याचं त्यांनी नाव काढलं नाही आणि काकूंनीही विचारलं नाही.

जून संपला, शाळा सुरू झाली. एक दिवस मी सातवीला भूमितीचा तास घेत असताना दारात झाडेकाका. टोपी नाही, चपला दोन जोडातल्या.

"मास्तर, नागपूरले जा लागते. आत्ताच्या आत्ता."

मला वाटलं कुणीतरी गेलं. मुख्याध्यापकांना सांगून निघालो. एस.टी.त बसल्यावर त्यांनी सदऱ्याच्या आतून एक जाड पाकीट काढलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. मोठा केलेला फोटो होता. गल्ली, ऊन, फडफडणारी चादर, तिच्याखाली दडलेलं फूल, आणि हसणाऱ्या काकू.

"काका, किती सुंदर आलाय!"

"नीट पाहा."

मी नीट पाहिलं. गालावर, हनुवटीवर, गळ्यावर कुठेही पांढरा पट्टा नव्हता. सगळा चेहरा एकसारखा सावळा, गुळगुळीत.

"नागपूरच्या लॅबवाल्या तिवाऱ्यानं पुसला," काका म्हणाले. "मी चुपचाप मोठा कराले पाठवलता. त्यानं ब्रश मारून पाठवला."

सेलू गेलं. पुढच्या बाकावरच्या बाईची कोंबडी सारखी ओरडत होती. काका खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मास्तर, हे काम मी एकदा केलं हाय."

लग्नाला दोन वर्षं झाली होती तेव्हा काकूंच्या गालावर पहिला डाग आला. वाढत गेला. काका तेव्हा नवे नवे रिटचर, हातात कला नुकती आलेली. त्यांनी काकूंना स्टुडिओत नेऊन त्यांचा फोटो काढला.

"दुसऱ्याचे डाग पेन्सिलीनं भरले मी. पांढरा डाग निगेटिव्हमधी काळा येते. तो भरता येत नाई, ब्लेडनं खरडा लागते. दोन रोज खरडला. पार साफ केला. मले वाटलं, खूश होईन. फ्रेम करून घरी नेला."

"मग?"

"तिनं पाह्यला. म्हणे, चांगली बाई हाय. हिच्याशीच लगन कराचं होतं तुमी."

कोंबडी ओरडत होती. काकांनी धोतराच्या सोग्याने चष्मा पुसला.

"तवापासून माह्या कॅमेऱ्यापुढं उभी नाई राह्यली. चादर धरते. तेवढंच."

नागपुरात बर्डीवर एका जिन्याखाली ती रंगीत फोटोंची लॅब होती. तिवारी म्हणजे काकांचा जुना सोबती, दोघांनी वर्ध्याच्या माडीवर एका टेबलाशी दहा वर्षं काढली होती. काकांना पाहताच तो उठून आला.

"अरे उस्ताद! कैसा लगा? वहिनीचा फोटो म्हणून मी स्वतः बसलो. कोणाला हात लावू नाही दिला."

काकांनी फोटो त्याच्यापुढे ठेवला. "हे कोण हाय?"

"मतलब?"

"तू माह्या घरी जेवला हायस. तिच्या हातचं पिठलं खाल्लं हाय. मले सांग, ही बाई कोण हाय?"

तिवारी गोंधळला. "उस्ताद, डाग होता म्हणून... तूच तर म्हणायचा, चेहऱ्यावर काही ठेवायचं नाही."

"मी म्हणत होतो," काका म्हणाले. "तवा मले अक्कल नव्हती. निगेटिव्ह साबूत हाय ना?"

"आहे."

"छाप. जसा हाय तसा. ब्रश नाई लावायचा."

तिवारीने सांगितलं, आज जमणार नाही, चार लग्नांचं काम अडकलंय, सोमवारी बसवर पाठवून देतो. काका एका स्टुलावर बसले. "मी इथंच हाय," म्हणाले. एक वाजला होता. गिऱ्हाईकं येत होती, जात होती. काका दर गिऱ्हाइकाला बाजूला होऊन वाट देत आणि पुन्हा स्टूल मधोमध ओढून बसत. मी चहा आणला, प्यायले नाहीत. एका नवऱ्या मुलाच्या बापाने विचारलं, "काय अर्जंट आहे काका?" तर म्हणाले, "तीस वर्षं झाले, लेट होऊन राह्यलं." चार वाजता तिवारी स्वतः आत गेला आणि साडेपाचला ओला फोटो घेऊन बाहेर आला. पट्टा होता. गालावरून हनुवटीकडे, तिथून गळ्यावर, उन्हात चमकणारा.

काकांनी फोटो दोन्ही हातांत धरून पाहिला. मग तिवारीच्या गळ्यात पडले.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण होऊन बराच वेळ झाला होता. काकू दारातच उभ्या. "कुठी गेलते दोघं? जेवाले नाई, सांगणं नाई!"

काकांनी पाकीट पुढे केलं. काकूंनी फोटो बाहेर काढला, दिव्याखाली गेल्या. मी निघायला लागलो तर काकांनी माझा हात घट्ट धरून ठेवला.

काकू बराच वेळ पाहत होत्या. मग मान वर न करता म्हणाल्या, "तुमी तं म्हणे चुकून दाबल्या गेलं."

"नाई," काका म्हणाले. "चुकून नाई. म्या काढला."

"मले नाई विचारलं?"

"विचारलं असतं तं तू हसनं बंद केलं असतं."

मला वाटलं, आता फोटो फाटतो. काकूंनी तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, कपाळावरून बोट फिरवलं.

"अहो, इतके केस पांढरे झाले माहे? अन् तुमी सांगतलं नाई?"

काकांनी वाकून फोटोत पाहिलं.

"पार म्हातारी दिसून राह्यली मी. अन् दात पाहा कशे काढले!" काकू आता हसत होत्या. "एक आणखी छापून आणजा. हिंगणीले दादाले पाठवा लागते. त्याच्या घरी माहा एक बी फोटो नाई. हाच पाठवा, टपालानं. पाकिटात घालून ठेवा, मोडला नाई पाह्यजे."

काकांनी मान हलवली. "पाकीट पाहतो," म्हणाले आणि आतल्या खोलीत गेले.

काकूंनी चुलीवर चहा ठेवला. पाणी उकळलं, दूध घातलं, चहा गाळून झाला, तरी काका बाहेर आले नाहीत. मी आत जाण्यासाठी उठलो.

"बसा मास्तर," काकू हळूच म्हणाल्या. "पाकीट शोधून राह्यले ते."

पाकिटांचा गठ्ठा आमच्यासमोर टेबलावरच होता. मी बसलो.